गाठ गेली, मग गोळी कशाला?

(वडगाव, बेळगाव इथं महिलांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इथं येताना बोळात दोन्हीकडं मागांचा खडखडाट चालू होता. बरं वाटलं. आज स्तनाच्या कर्करोगाबद्दल जे सांगायचंय त्यासाठी जॅकार्डइतकं, म्हणजे मागावर नक्षी उमटवणाऱ्या यंत्राइतकं, सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, आणि तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ताणा तोच असतो. पुठ्ठ्यात जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. कोयरी उमटणार की मोर, ते त्यावर ठरतं. पेशींचंही तसंच. डोळ्याची पेशी घ्या, हाडाची घ्या, स्तनातली घ्या; जनुकं सगळीकडं तीच, साधारण २० हजार. कुठल्या पेशीत कुठली जनुकं वाचली जातात, एवढाच फरक. जनुक वाचलं गेलं की त्यावरून प्रथिन तयार होतं आणि प्रथिन कामाला लागतं. याला जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात.

माझी आत्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, किमो झाली. पुढं पाच वर्षं रोज एक गोळी सांगितली होती, टॅमॉक्सिफेन. चौदा महिन्यांनी तिनं ती बंद केली. म्हणाली, "गाठच गेली, मग गोळी कशाला?" तिचा प्रश्न रास्त होता. उत्तर तिला कुणी दिलं नव्हतं. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांचं बोलणं कन्नडमध्ये, आणि आत्याचं कन्नड बाजारापुरतं. ते उत्तर द्यायलाच मी आज उभी आहे.

ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं १८९६ मध्ये लिहून ठेवलंय की स्तनाचा कर्करोग पसरलेल्या बाईचे बीजकोश काढले आणि तिची गाठ ओसरली. बीजकोशाचा आणि स्तनातल्या गाठीचा संबंध काय, हे तेव्हा माहीत नव्हतं. आज माहीत आहे. बीजकोशातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक येतं. अनेक गाठींच्या पेशींत ते धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, इस्ट्रोजेन रिसेप्टर. रिपोर्टवर त्याला ईआर लिहितात. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की ही जोडी थेट जनुकांवर जाऊन बसते आणि ठरावीक जनुकं वाचायला लावते. त्यांतलं सायक्लिन डी१ पेशीला विभागायला लावतं. दुसरं बीसीएल२, ते पेशीला मरू देत नाही.

हे मरणं नीट समजून घ्या. बिघडलेल्या पेशीनं स्वतःला संपवावं, अशी सोय शरीरातच आहे. १९७२ मध्ये तिला नाव मिळालं ॲपॉप्टोसिस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानं गळणं. खानापूरच्या रानात पानगळ होते ना, तशी. जुनं पान गळतं म्हणून झाड टिकतं. कर्करोगाची गाठ नुसती भराभर वाढते म्हणून मोठी होत नाही. तिची पानं गळायची थांबलेली असतात. पी५३ नावाचं जनुक या पानगळीवर लक्ष ठेवतं. स्तनाच्या साधारण तीन गाठींपैकी एकीत तेच बिघडलेलं सापडतं.

आता गोळी. टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं. पुठ्ठ्यातली भोकं बुजवावीत तसं. धागे उचललेच जात नाहीत. ऑपरेशननं दिसणारी गाठ जाते, पण अंगात कुठं चार पेशी उरल्या असतील तर त्यांना दडपून ठेवते ती ही गोळी. ती थांबवली की भोकं पुन्हा मोकळी. आत्याला तीन वर्षांनी मणक्यात दुखणं निघालं; कर्करोग तिथं पोचला होता. गोळी घेतली असती तर आलंच नसतं, असं मी छातीठोक सांगणार नाही. शक्यता मात्र कमी झाली असती, हे नक्की. आणि म्हणून मला अजून झोप लागत नाही.

रिपोर्टवर पुढं पीआर असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर. ईआर नुसता हजर नाही, काम करतोय, याचा तो बहुतेक वेळा पुरावा. मग हर२. निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. काही गाठींत त्या कितीतरी वाढतात आणि पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा हुकूम सुटतो. पूर्वी हे ऐकलं की डॉक्टरांचाही चेहरा उतरायचा. १९९८ मध्ये अमेरिकेत हर२ला अडवणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि चित्र पालटलं.

ईआर, पीआर नसतील आणि हर२ही वाढलेलं नसेल तर ट्रिपल निगेटिव्ह. आपल्या देशात हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं, आणि तरुण बायकांतही. तिथं ही गोळी उपयोगाची नाही. किमोवर भर असतो. अशा बाईनं बीआरसीए या जनुकांत आनुवंशिक दोष आहे का, त्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, कारण तो दोष निघाला तर प्रश्न तिच्या बहिणींचा आणि लेकींचाही असतो.

ज्या काकू-मावशींनी फायली आणल्यात त्यांनी पुढं या. पिशवीतून तो कागद काढा. ईआर, पीआर, हर२ कुठं लिहिलंय ते आपण बोट ठेवून शोधू आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीकडं लिहून देते.