मागून वळणारं यंत्र

(दृश्य : उद्यमबाग, बेळगाव. फौंड्रीचं आवार.)

कास्टिंगनं (साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांनी) भरलेली लोखंडी पेटी उचलून फोर्कलिफ्ट मशीन शॉपकडे निघालीय. उद्यमबाग, मच्छे, होनगा, कुठल्याही वसाहतीत रोजचंच दृश्य. टेम्पो-ट्रॅक्टर चालवलेल्या गड्याला वाटतं, ह्यात काय एवढं?

गोम तिथंच आहे. टेम्पोची पुढची चाकं वळतात, हिची मागची. स्टिअरिंग फिरवलं की पाठ झपकन बाहेर येते आणि त्या पाठीत असतं मालाला तोलून धरणारं जडशीळ वजन. चालकाची नजर फोर्कवर, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन पात्यांवर. भिंतीलगत उभा असलेला हमाल त्याला दिसतच नाही. म्हणून इथं पहिले धडे रिकाम्या आवारात, मोकळ्या फोर्कनं.

(दृश्य : प्रशिक्षक यंत्रावरच्या पाटीवर बोट ठेवतात.)

"काय लिहिलंय, वाच बघू."
"तीन हजार किलो, सर."
"अन् पुढं?"
"पाचशे मिलिमीटर."

हे 500 कुणी वाचत नाही. फोर्कच्या उभ्या बाजूपासून मालाचा मध्य एवढ्या अंतरात असेल, तरच 3000 किलो. पेटी लांब असली की मध्य पुढं सरकतो आणि तेच यंत्र तेवढं पेलत नाही. मागची चाकं हलकी होतात. वळवणारी चाकं तीच, म्हणजे स्टिअरिंगही हातचं गेलं.

माल वर धरून वळणं तर सर्वांत वाईट. चालताना फोर्क जमिनीपासून वीतभर, मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा, मागं कललेला. भरली फोर्कलिफ्ट रॅम्पवरून उतरते ती रिव्हर्समध्येच, माल चढाच्या बाजूला ठेवून. बेळगावच्या पावसात रॅम्प ओला आणि त्यावर फौंड्रीची वाळू सांडलेली, मग ब्रेकवर किती भरवसा ठेवायचा?

आणि कलंडलीच तर? उडी मारायची नाही. उडी मारणारा नेमका वरच्या छताखाली सापडतो. बेल्ट लावलेला हवा. स्टिअरिंग घट्ट धरून, पाय रोवून, पडत्या बाजूच्या उलट झुकायचं. मनाविरुद्धची गोष्ट आहे, म्हणून प्रशिक्षक ती उभ्या यंत्रावर पुन्हा पुन्हा करून घेतात.

(दृश्य : जेवणाची सुट्टी. चालक उतरतो.)

फोर्क जमिनीला टेकवले, हँडब्रेक ओढला, चावी खिशात. चावी तशीच राहिली की हौस भागवायला कुणीतरी चढतंच.