अधिकचं चिन्ह

नमस्कार मंडळी.

दारावरच्या फलकावर ‘जुना रॉक बँड, बदली गायक आणि जगदौरा’ असं लिहिलंय. विषय मीच कळवला होता, पण मी ‘नवा गायक’ म्हटलं होतं. वाटेत कुठेतरी ‘नवा’चं ‘बदली’ झालं. ज्यांनी केलं त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, शब्द सोपा वाटला असेल. पण गेली दहाबारा वर्षं मी याच एका शब्दाशी भांडतोय, त्यामुळे आज सुरुवात तिथूनच करू द्या. दौऱ्यात पट्टी कशी ठरते, गाण्यांची यादी कशी बनते, गायकाच्या शरीराचं काय होतं, हे सांगायचं कबूल केलंय आणि ते सांगणार आहे.

बदली म्हणजे काय? मूळ माणूस रजेवर आहे, तो येईपर्यंत दुसरा त्याच्या खुर्चीत बसलाय. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी रजेवर गेलेला नाही. तो २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. त्यानंतर जन्मलेले किती जण आहेत इथे? करा हात वर. बघा, निम्मं सभागृह! म्हणजे तुम्ही क्वीन ऐकायला लागलात तेव्हा गायक नव्हताच. तरी तुम्ही आज इथे बसलाय. मला खास तुमच्याशी बोलायचंय.

माझा एक मित्र आहे, शाळेपासूनचा. क्वीनचं वेड मला त्यानंच लावलं. अ‍ॅडम लॅम्बर्ट क्वीनबरोबर गायला लागल्यावर एका संध्याकाळी मी त्याला एका मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. दुसऱ्या ओळीला तो उठला. “हा तो नव्हे,” म्हणाला. मी म्हटलं, “अरे, तो नाहीच आहे आता.” चपला घालून तो निघून गेला. आमची मैत्री शाबूत आहे, पण हा विषय आम्ही दोघंही काढत नाही. त्याच्या रागामागे किती प्रेम आहे ते मला कळतं. पण त्या रात्री मला झोप लागेना. क्वीनची गिटार वाजवणाऱ्या ब्रायन मेवर हा कधी चिडत नाही. मेची बोटंही साठीतली झाली होती, हात पूर्वीसारखा चालत नसणार. मग सगळा राग गळ्यावरच का?

याचं उत्तर मला सापडलं ते मेच्या गिटारमध्ये. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ती मला फार आवडते.

ऑगस्ट १९६३. ब्रायन सोळा वर्षांचा. चांगली इलेक्ट्रिक गिटार परवडत नाही, म्हणून बापलेकांनी ती घरीच करायला घेतली. वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले, हातात कसब असलेले. गिटारची मान केली एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून. ते लाकूड शंभराहून जास्त वर्षं जुनं, त्यात किड्यांनी केलेली भोकं, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगाला एका जुन्या टेबलाचं ओक वापरलं. पट्ट्यांमधल्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. स्वर हेलकावणारी जी दांडी असते, तिच्यासाठी सायकलच्या पिशवीच्या आधाराचा तुकडा, तिच्या टोकाला विणकामाच्या सुईचं टोक, आणि आत एका जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. सुमारे दोन वर्षं लागली. आणि हे सगळं अंदाजपंचे नव्हतं बरं का. ॲम्प्लिफायरसमोर उभं राहिल्यावर गिटारनं गुंजत राहावं, म्हणून आत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या होत्या. हाच मुलगा पुढे खगोलभौतिकीचा अभ्यास अर्धवट सोडून बँडमध्ये गेला आणि २००७ मध्ये, साठीच्या घरात असताना, तो प्रबंध पुरा करून डॉक्टरेट घेतली. हातातलं काम अर्धवट ठेवणाऱ्यांपैकी हा माणूस नाही.

ती गिटार, रेड स्पेशल, आजही त्याच्या गळ्यात असते. तारा छेडायच्या प्लास्टिकच्या पिकऐवजी तो सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो. ते नाणं ब्रिटनमध्ये १९८० मध्येच चलनातून गेलं, याच्या हातात मात्र अजून खणखणतंय. झीज झाली तर गिटार दुरुस्त होते, तार तुटली की नवी लागते. वाजवणारा म्हातारा झाला तरी लाकूड तेच, नाद तोच. म्हणून माझा मित्र मेवर चिडत नाही. त्याला १९७५ सालची वस्तू तशीच्या तशी ऐकू येते.

गायकाचं वाद्य म्हणजे त्याचं शरीर. फ्रेडीचा गळा घ्या. झांझिबारला जन्मलेला फारोख बलसारा हा पारशी मुलगा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. आपण ही गोष्ट फार अभिमानानं सांगतो, मीही सांगतो, पण त्याच्या गळ्यापाशी मात्र थांबत नाही. त्या गळ्याला गाठींचा त्रास होता. ध्वनिमुद्रणात घेतलेल्या कितीतरी वरच्या जागा तो प्रत्यक्ष मैफलीत खालून घ्यायचा, आणि ड्रमवर बसलेला रॉजर टेलर वरचा स्वर सांभाळायचा. म्हणजे ‘मूळ’ म्हणून आपण जे कवटाळून बसतो ते खुद्द फ्रेडीही दर रात्री तसंच्या तसं गात नव्हता. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या क्वीनच्या गाण्याचा मधला ऑपेराचा भाग तर त्याच्या काळातही मंचावर कुणी गायलेला नाही. चौघंही आत जायचे, ध्वनिफीत वाजायची, दिवे नाचायचे, आणि रॉकचा भाग आला की हे धावत बाहेर. स्टुडिओत थरावर थर चढवून केलेले आवाज चार माणसं मंचावर आणणार कशी? १९७५ पासून तो भाग असाच वाजतोय. बोला, यात बदली कोण?

बरं, फ्रेडी गेल्यावर काय झालं ते भरभर सांगतो. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीत श्रद्धांजलीची मैफल झाली, एकेक गाणं एकेका गायकानं गायलं. जॉर्ज मायकल त्या दिवशी काय गायलाय ते घरी जाऊन ऐका. बेस वाजवणारा जॉन डीकन १९९७ च्या सुमाराला निवृत्त झाला. मग २००४ पासून पाच वर्षं पॉल रॉजर्स गायला. तो स्वतः मोठा गायक, पण त्याची गायकी ब्लूज शैलीची. २००८ मध्ये त्यांनी मिळून नव्या गाण्यांचा अल्बमही काढला. आणि २००९ मध्ये ‘अमेरिकन आयडल’ या स्पर्धेत हा लॅम्बर्ट आला. चाचणीला त्यानं गाणं निवडलं तेच, ऑपेरावालं. अंतिम फेरीत मे आणि टेलर त्याच्यासोबत मंचावर होते. स्पर्धा तो हरला, दुसरा आला.

या तिघांची पहिली पूर्ण मैफल झाली ३० जून २०१२ ला, युक्रेनची राजधानी कीवच्या भर चौकात. दुसऱ्या दिवशी त्याच शहरात फुटबॉलच्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना. मैफल फुकट, एड्सविरोधी कामासाठी. आणि एड्सनंच तर फ्रेडी गेला. तीस वर्षांचा हा मुलगा. फ्रेडी गेला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. खरं तर आधी ठरलं होतं त्यांनी इंग्लंडमध्ये नेबवर्थला गायचं, जिथे ९ ऑगस्ट १९८६ ला फ्रेडी क्वीनबरोबर शेवटचं गायला. तो महोत्सवच रद्द झाला. मला वाटतं, बरंच झालं. त्या जागेचं ओझं नव्या पोराच्या खांद्यावर पहिल्याच दिवशी नको होतं.

आता मी ज्याच्यासाठी आलोय ते. या दौऱ्यांच्या फलकावर नाव कसं छापतात, पाहिलंय का? क्वीन, मग अधिकचं चिन्ह, मग अ‍ॅडम लॅम्बर्ट. ते एवढंसं चिन्ह म्हणजे माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला रॉकमधला सगळ्यात सभ्य शब्द आहे. बदलीत आधी एक वजा होतो, मग दुसरा त्या जागी बसतो. इथे वजाबाकीच नाही. फ्रेडी नाहीसा केलेला नाही आणि लॅम्बर्टला फ्रेडी व्हायला सांगितलेलं नाही. तो स्वतः मैफलीत प्रेक्षकांना सांगतो की मी फ्रेडी नाही, चला, आपण सगळे मिळून त्याची आठवण जागवू. मग मे एकटा साधी गिटार घेऊन बसतो, फ्रेडीनं लिहिलेलं प्रेमगीत सुरू करतो, गायचं काम स्टेडियमवर सोपवतो, आणि शेवटच्या कडव्याला पडद्यावर फ्रेडी येतो. त्या वेळी लॅम्बर्ट मंचावर नसतो. आपला दौरा, आपल्या नावाचा फलक, आणि त्या गाण्यापुरतं आत जाऊन थांबायचं. हा त्याचा मोठेपणा कुणी लिहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. कबूल केलेलं सगळं आता दहा मिनिटांत. ठीक आहे, ऐका.

पट्टी. आपल्याकडे नवा गायक बसला की साथीदार आधी विचारतात, कोणती पट्टी? रॉकमध्ये हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. आयर्न मेडन हा बँड घ्या. १९९४ ला ब्लेझ बेली आला. आवाज भारदस्त, पट्टी खालची. आधीचा ब्रूस डिकिन्सन तार सप्तकात लीलया फिरणारा. जुनी गाणी त्याच उंचीवर ठेवली आणि बेलीला रात्रीमागून रात्री तिथे चढायला लावलं. आवाज बसला, मैफली रद्द झाल्या, १९९९ ला त्याला जावं लागलं. अपयशाचा शिक्का एकट्या त्याच्यावर बसला. मला हा अन्याय वाटतो. त्यानं गायलेल्या दोन अल्बममध्ये, १९९५ आणि १९९८ च्या, जी गाणी त्याच्याच गळ्यासाठी रचली, ती ऐका, माणूस किती वेगळा वाटतो.

शरीर. गिटारवाला लागोपाठ चार रात्री वाजवेल. गायक दोन तास पूर्ण ताकदीनं गायला की स्वरतंतू सुजतात, त्यांना विश्रांती लागतेच. म्हणून दौऱ्याच्या तारखा बहुतेक वेळा गळ्याच्या हिशेबानं पडतात. क्वीनचा शेवटचा मोठा दौरा जुलै २०१९ ला व्हँकुव्हरला सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये टोकियोत संपला. मधे महासाथ आली, युरोपच्या तारखा दोनदा पुढे गेल्या, ब्रायनला हृदयविकाराचा झटका येऊन गेला, आणि तरी २०२२ च्या जूनमध्ये लंडनच्या एकाच सभागृहात दहा रात्री. तिथे तिकीट काढून आलेल्या माणसाला ती त्याची एकच रात्र, गायकाला ती दहांपैकी एक.

यादी. नवा गायक जुनीच गाणी गाणार की नवीही करणार? इथे मला माझ्याच लाडक्या बँडवर बोट ठेवायचंय. लॅम्बर्टबरोबर इतकी वर्षं झाली, पण नव्या गाण्यांचा अल्बम नाही. अधिकच्या चिन्हापुढे बेरीज व्हायला हवी होती. एसी डीसी या बँडचा गायक बॉन स्कॉट १९८० च्या फेब्रुवारीत गेला आणि जुलैअखेर ब्रायन जॉन्सनसह ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात होता, त्यातलं प्रत्येक गाणं जॉन्सनचं पहिलंवहिलं. त्याला फक्त दुसऱ्याचे कपडे घालून फिरावं लागलं नाही. लिंकिन पार्क या बँडनंही तेच केलं. त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला, सात वर्षं ते गप्प राहिले, आणि ५ सप्टेंबर २०२४ ला नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग समोर आली ती नवं गाणं घेऊनच. पुढच्याच आठवड्यात दौरा, नोव्हेंबरात अल्बम. तिथे चिन्ह नाही, ती बँडचीच. दोन्ही रस्ते मला मान्य आहेत.

आणि जर्नी हा अमेरिकन बँड! त्याशिवाय मला उठता येणार नाही. बँडच्या गिटारवाल्या नील शॉननं २००७ मध्ये यूट्यूबवर एक फिलिपिनो गायक ऐकला, आर्नेल पिनेडा. लहानपणी आई गेल्यावर मनिलाच्या रस्त्यांवर दिवस काढलेला. अमेरिकेच्या व्हिसासाठी गेला तेव्हा अधिकाऱ्यानं कारण विचारलं, हा म्हणाला जर्नीसाठी गायला चाललोय. अधिकारी म्हणाला, मग म्हणून दाखव. त्यानं तिथेच जर्नीचं गाणं म्हटलं आणि व्हिसा मिळाला. फेब्रुवारी २००८ मध्ये चिलीत हजारोंसमोर तो पहिल्यांदा उभा राहिला, आणि अजून गातोय. गंमत बघा, पिनेडाचा जन्म ५ सप्टेंबरचा, फ्रेडीचाही ५ सप्टेंबरचा, आणि एमिलीची घोषणाही ५ सप्टेंबरचीच. यातून काहीही सिद्ध होत नाही, पण मला हे कुणाला तरी सांगायचंच होतं.

वेळ संपली. शेवटी एक ऐकवायचं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सिडनीला वणव्यांसाठी निधी उभारायची मैफल झाली. मे, टेलर आणि लॅम्बर्ट यांनी तिथे १३ जुलै १९८५ ला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत क्वीननं वाजवलेली तीच गाणी त्याच क्रमानं वाजवली. सगळी मिळून वीस मिनिटांच्या आसपास. ज्यांना घाई आहे त्यांनी निघावं, मला राग येणार नाही. उरलेल्यांनी पुढच्या रांगेत या. दिवे जरा कमी करा, आणि आवाज, तुम्ही जिथे ठेवलाय त्याच्याहून थोडा वर घ्या.