मजुराची मजुरी आणि आपली जुनी श्रद्धा

उपस्थित फादर, सिस्टर आणि बंधुभगिनींनो,

श्रद्धावंतांचे दोन प्रकार असतात, असा समज आपल्या धर्मग्रामांमध्ये, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या श्रद्धावंतांच्या समुदायांमध्ये, हळूहळू पक्का होत चालला आहे. जपमाळ, शुक्रवारचा उपवास, धर्मगुरूपुढचे पापनिवेदन आणि रविवारची मिस्सा (चर्चमधील सामुदायिक उपासना) न चुकवणारे एका बाजूला, आणि मोर्चा, निवेदन, ग्रामसभा यांत वेळ घालवणारे दुसऱ्या बाजूला. पहिल्यांना दुसरे राजकारणी वाटतात आणि दुसऱ्यांना पहिले देवभोळे वाटतात. ही वाटणी मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे मी आपल्या वाडवडिलांनी पाठ केलेल्या धर्मशिक्षणाच्याच आधारे आज सांगणार आहे.

युरोप-अमेरिकेत परंपरानिष्ठ कॅथॉलिक म्हटले की जुन्या लॅटिन मिस्सेचा वाद डोळ्यांसमोर येतो. 2007 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या मिस्सेला मोकळीक दिली आणि 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्यावर पुन्हा निर्बंध घातले. मराठवाड्यातील आपल्या माणसांना हा वाद परका आहे. आपल्याकडे परंपरा टिकली ती संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत, मराठी भजनांत आणि फादर येईपर्यंत स्वतःच मुलांना दहा आज्ञा शिकवणाऱ्या बायाबापड्यांमध्ये. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना 1977 साली झाली. श्रद्धा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या वस्त्यांत नांदत होती.

त्या जुन्या धर्मशिक्षणात एक छोटी यादी होती, जी आज फार थोड्यांना आठवते. ज्यांचा आक्रोश थेट स्वर्गापर्यंत पोहोचतो अशा पापांची ती यादी. निरपराध माणसाची हत्या त्यात आहे, गरिबांवरचा जुलूम आहे आणि त्यांच्याच पंक्तीला मजुराची मजुरी बुडवणे हेही पाप आहे. ही कोणा कामगार पुढाऱ्याची भर नव्हे. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, ज्या कामकऱ्यांनी तुमची शेते कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. कापणी करणाऱ्या मजुरांविषयीचे ते वचन बीड, जालना, धाराशिवच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ऊसतोडीच्या व्यवहाराकडे नीट पाहू या. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणारा मुकादम गावात येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती रक्कम बहुतेक वेळा आधीच्या कर्जात, आजारपणात किंवा लग्नात गेलेली असते. पुढचे पाच-सहा महिने ही जोडी फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर, कोपीत (झोपडीत) राहते, पहाटेच्या अंधारात तोडणी सुरू करते, मोळ्या बांधते आणि गाडी येईल त्या वेळी, मध्यरात्र असली तरी, भरते. एखादा दिवस काम चुकले की खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे उचलीच्या हिशोबात चढतात. हंगाम संपला तरी कित्येकांची उचल फिटत नाही, आणि मग पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावे लागते.

यावर नेहमी एकच उत्तर मिळते, की त्यांनी स्वखुशीने उचल घेतली. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात नेमक्या याच उत्तराचा समाचार घेतला आहे. निकडीपोटी किंवा अधिक वाईटाच्या धास्तीने मजुराने कठोर अटी पत्करल्या, तर तो करार न ठरता बळजबरी ठरते, आणि दोघांच्या संमतीपेक्षा नैसर्गिक न्याय वरचा आहे, असे ते सांगतात. त्याच परिपत्रकात रविवारच्या विश्रांतीचाही आग्रह आहे. 2025 साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्रकाची आठवण काढली, याचे मला फार समाधान वाटले.

आता रविवारचेच बघा. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पवित्र पाळ, ही आज्ञा आपण मिस्सेच्या हजेरीपुरती आणून ठेवली. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मात्र, तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे तिचे कारण दिलेले आहे. फडावर सुटीच नसते. आपल्यापैकी काही कुटुंबांचा नाताळ फडावर जातो आणि उपवासकाळही तिथेच सरतो. गावातल्या नाताळच्या मिस्सेला म्हातारी माणसे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे एवढीच दिसतात. जे मिस्सेला आले नाहीत त्यांची विचारपूस आपण करतो; ज्यांना कोणी येऊच दिले नाही त्यांच्यासाठी आपण काय करतो?

आणखी एक गोष्ट, जी बोलताना मला जड जाते. गर्भातील जिवाचे रक्षण हा परंपरानिष्ठ कॅथॉलिकांचा प्राणप्रिय विषय आहे, आणि तो असलाच पाहिजे. बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत ऐन तिशीच्या आतबाहेरच्या कितीतरी बाया होत्या. अंगावरचे दुखणे, फडावर ना पाणी ना आडोसा, खाड्याची धास्ती आणि शस्त्रक्रियेची घाई करणारे डॉक्टर, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. गर्भाचे पावित्र्य मानणाऱ्यांनी या बायांसाठी सर्वांच्या आधी उभे राहायला हवे होते. आपण उभे राहिलो नाही.

कोणी म्हणेल की यात पडले तर धर्मगुरू राजकारणात ओढले जातील. 2020 च्या जानेवारीत याच मराठवाड्यात, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. वसईच्या हरित पट्ट्यासाठी दहशतीला न जुमानता लढलेला आणि बायबल सुबोध मराठीत आणणारा माणूस एकच होता, ते म्हणजे फादर दिब्रिटो. त्यांच्या निवडीला विरोध झाला, प्रकृतीनेही साथ दिली नाही, तरी ते आले आणि संमेलनाला सामोरे गेले. त्यांच्यातला धर्मगुरू आणि कार्यकर्ता वेगळा काढता येईल का, हे त्यांना ऐकलेल्यांनीच सांगावे.

सुरुवात मात्र आपल्या अंगणातून व्हायला हवी. आपल्या शाळांतील शिपाई, दवाखान्यांतील मावशी, वसतिगृहातील स्वयंपाकीण यांना किमान वेतन मिळते का, आणि ते वेळेवर मिळते का, हे प्रत्येक धर्मग्राम समितीने तपासावे. पापनिवेदनाला जाताना मालकाने आणि मुकादमानेही स्वतःला तोच प्रश्न विचारावा.

येत्या दसऱ्याआधी प्रत्येक धर्मग्रामात फडावर जाणाऱ्या सगळ्या कुटुंबांची, धर्म न विचारता, नोंद व्हावी. उचल किती घेतली आणि खाडा किती ठरला हे दोन साक्षीदारांसमोर कागदावर यावे, आणि त्याची एक प्रत मजुराकडे राहावी. मुलांना मागे ठेवण्यासाठी आपल्या वसतिगृहांनी हंगामापुरत्या जागा मोकळ्या कराव्यात. ज्या भागात आपली माणसे फडावर जातात तिथल्या धर्मगुरूंना त्यांची यादी आधीच पाठवावी, म्हणजे रविवारी मिस्सा फडापर्यंत नेता येईल. ज्यांना या कामासाठी नावे द्यायची आहेत, त्यांनी व्याख्यान संपताच दाराशी ठेवलेल्या वहीत ती लिहावीत.