नको नको म्हणत गंडवणारा पोरगा: ‘नाइन क्वीन्स’ची गोष्ट

पहाटेची वेळ. अर्जेंटिनाच्या राजधानीतला, ब्युनोस आयर्समधला एक पेट्रोल पंप, त्याला लागून असतं तसं छोटं दुकान, आणि काउंटरसमोर एक पोरगा. चेहरा असा की कुठल्याही मावशीने बघून म्हणावं, किती गुणी मुलगा आहे हो. किरकोळ काहीतरी घेतो, मोठी नोट देतो, मोड हातात आली की थांबा थांबा माझ्याकडे सुट्टे आहेत म्हणतो, नोट परत मागतो, मध्येच भलतंच काहीतरी विचारतो, आणि या देवाणघेवाणीत काउंटरवरच्या मुलीचा हिशोब कधी चुकला ते तिलाही कळत नाही आणि पहिल्यांदा बघताना आपल्यालाही कळत नाही. काम फत्ते. आता शहाण्या माणसाने सटकावं की नाही? हा पठ्ठ्या सटकत नाही. शिफ्ट बदलते, काउंटरवर दुसरी बाई येते, आणि हा तोच खेळ तिच्याबरोबर परत सुरू करतो. पकडला जातो अर्थातच. आरडाओरडा होतो, तेवढ्यात दुकानातलाच एक सूटवाला गिऱ्हाईक पुढे येतो, कमरेचं पिस्तूल दाखवतो, मी पोलीस आहे म्हणतो आणि पोराला बखोटीला धरून बाहेर काढतो. जरा पुढे गेल्यावर कळतं की पिस्तूल खेळण्यातलं आहे आणि पोलीस त्याहून खोटा.

तर ही सुरुवात. पोराचं नाव हुआन, सूटवाल्याचं मार्कोस, आणि फिल्मचं मूळ स्पॅनिश नाव ‘नुएवे रेइनास’, आपण तिला ‘नाइन क्वीन्स’ म्हणून ओळखतो. साल 2000. लेखक-दिग्दर्शक फाबियान बिएलिन्स्की, आणि ही त्याची पहिलीच फीचर फिल्म. पहिली म्हणजे काल कॅमेरा हातात घेतला असं नाही हां, त्याआधी कित्येक वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या फिल्म्सवर असिस्टंट डायरेक्टर म्हणून राबलेला, जाहिराती केलेल्या, चाळिशी गाठलेली. स्क्रिप्ट पॅटागॉनिक नावाच्या निर्मिती कंपनीच्या स्पर्धेत जिंकली आणि तेव्हा कुठे ती पडद्यावर आली. हे मुद्दाम सांगतोय, कारण फिल्म बघताना जाणवतं की हे स्क्रिप्ट खूप दिवस उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाने लिहिलंय, एक धागा सुटलेला नाही, म्हणजे जवळजवळ नाही, त्यावर येऊ.

[पडदा: ब्युनोस आयर्सचा भर दुपारचा फूटपाथ, गर्दी]

मार्कोसचा नेहमीचा पार्टनर गायब आहे, म्हणून तो हुआनला म्हणतो, एक दिवस माझ्याबरोबर काम कर. हुआनला पैशांची नड आहे, बाप तुरुंगात आहे आणि जजला पैसे चारले तर शिक्षा कमी होणार आहे. मग दोघे शहरभर पायी हिंडतात आणि फिल्मचा पहिला भाग म्हणजे चक्क शिकवणीचा क्लास. त्यातला एक सीन घ्या. मार्कोस अनोळखी बिल्डिंगखाली उभा राहून इंटरकॉमची बटणं दाबत सुटतो आणि नुसतं ‘आत्या?’ म्हणतो. कुणी ठेवून देतं, कुणी शिव्या घालतं, आणि मग एक म्हातारी स्वतःहूनच एक नाव घेऊन विचारते, की बाबा तू का रे? झालं! नाव तिनेच पुरवलं, नातं तिनेच जोडलं, आता गाडी बंद पडली, थोडे पैसे हवेत, एवढंच सांगायचं बाकी. आपल्याकडे फोनवर ‘ओळखलंस का मी कोण?’ विचारून लुटणारे आहेत ना, तोच प्रकार. हा सीन नीट लक्षात ठेवा, कारण अख्ख्या फिल्मचं यंत्र इथे दोन मिनिटांत उघडं करून दाखवलंय. भामटा फारसं खोटं बोलतच नाही, तो मोकळी जागा ठेवतो, ती भरतं सावज.

आणि मग तो प्रसिद्ध सीन. बोलता बोलता चोर हा शब्द निघतो, आणि मार्कोसचं डोकं फिरतं. चोर? चोर बघायचेत तुला? आणि तो रस्त्याकडे बोट दाखवतो. कॅमेरा त्या साध्यासुध्या गर्दीत शिरतो. कुणी बॅगवर नजर ठेवून आहे, कुणी उगाच घुटमळतंय, कुणी कुणाच्या तरी मागे चालतंय, आणि वर मार्कोसचा आवाज, रस्त्यावरच्या चोरांच्या जातींची नावं घडाघडा, सगळी खास ब्युनोस आयर्सची बोली, सबटायटलला दम लागतो. तो म्हणतो, ते आहेत, पण तुला दिसत नाहीत. मिनिटभराचा मामला असेल, पण त्यानंतर तुम्ही फिल्ममधल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघता, रस्ता ओलांडणाऱ्या बाईकडेसुद्धा. गंमत म्हणजे ज्याच्याकडे बघायला हवं त्याच्याकडे तेवढे बघत नाही.

आता मुख्य डाव. ‘नाइन क्वीन्स’ म्हणजे जर्मनीच्या वायमार काळातल्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या, नऊ पोस्टाच्या तिकिटांची एक शीट, ही कथेतली कल्पना आहे, गुगल करत बसू नका. साँडलर नावाचा बनावट माल करणारा जुना कारागीर आहे, त्याने या शीटची हुबेहूब नक्कल केलीय, पण तो आजारी पडलाय, हॉटेलच्या बाथरूममध्ये कोसळलाय. मार्कोसची बहीण वालेरिया त्याच हॉटेलात नोकरीला, तिचं भावाशी बोलणं जवळपास बंद, कारण या भावाने वारशाच्या पैशात सख्ख्या भावंडांना टोपी घातलीय. हॉटेलात उतरलाय गांदोल्फो, गडगंज स्पॅनिश माणूस, तिकिटांचा वेडा, आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी देशाबाहेर काढणार आहेत. म्हणजे तिकिटं लॅबमध्ये तपासायला त्याच्याकडे वेळ नाही, तेव्हा ती नक्कल अस्सल म्हणून त्याच्या गळ्यात मारायची. किंमत ठरते साडेचार लाख पेसो, आणि तेव्हा एक पेसो म्हणजे एक डॉलर, त्यामुळे आकडा हलका घेऊ नका.

इथून पुढे जो तो टक्केवारी मागत येतो. गांदोल्फोने बोलावलेला एक्स्पर्ट तिकिटं नजरेने तपासून अस्सल आहेत म्हणतो आणि खाली आल्यावर आपला वाटा मागतो. बहिणीला तिची किंमत हवी. मग भर रस्त्यात मोटारसायकलवाले येऊन नकली तिकिटांची केस हिसकावतात आणि तिकिटं सरळ गोदीच्या पाण्यात. आता खरी शीट साँडलरच्या बहिणीकडे आहे, ती विकायला तयार आहे, पण अडीच लाखांना. हुआनकडे आहेत पन्नास हजार, बापासाठी साठवलेले. उरलेले दोन लाख मार्कोसने स्वतःच्या खिशातून घालायचे.

मंडळी, आता स्पॉयलर. फिल्म बघितली नसेल तर व्हिडिओ इथेच थांबवा, आधी ती बघा, मी कुठे जात नाही.

तर. सगळं बनावट होतं. साँडलर, त्याची बहीण, गांदोल्फो, मोटारसायकलवाले, सगळी हुआनची टोळी, आणि वालेरिया ही हुआनची प्रेयसी. लुटला गेला तो एकटा मार्कोस. शेवटी हुआन एका गोडाऊनमध्ये शिरतो आणि तिथे ही सगळी मंडळी निवांत बसलीयत, हा सीन बघून थिएटरात लोक ओरडले नसतील तरच नवल.

पण ट्विस्ट काय, ढीगभर फिल्म्समध्ये असतात. माझं म्हणणं वेगळं आहे. ‘नाइन क्वीन्स’ दुसऱ्यांदा बघा आणि फक्त हुआन काय बोलतो ते ऐका. तो सतत नको म्हणतोय! एक दिवस बरोबर काम कर, तर हा का कू करतो. मोठा डाव दिसतो, तर हा शंका काढतो, इतकं सगळं जुळून कसं आलं म्हणतो. चोरी झाल्यावर हा सोडून द्यायच्या बेतात. पन्नास हजार टाक म्हटल्यावर तर हा चक्क अडून बसतो, कारण ते बापाचे पैसे. आणि दर वेळी त्याला समजावतो कोण, पटवतो कोण, ओढून नेतो कोण? मार्कोस. म्हणजे ज्याचा बळी द्यायचाय तोच बोकड घासाघीस करून सुरी विकत घेतोय. मार्कोसला कुणीही एका शब्दाने ‘ये, पैसे घाल’ म्हटलेलं नाही. ती मोकळी जागा त्यानेच भरली, इंटरकॉमवरच्या म्हातारीने भरली तशीच.

आणि मग तो पेट्रोल पंपाचा पहिला सीन वेगळाच दिसायला लागतो. तीच ट्रिक लगेच परत करणं हा नवशिक्याचा बावळटपणा वाटला होता ना? तो बावळटपणाच तर गळ होता. पकडलं जाणं हेच काम होतं. आपण पोराला कच्चा समजलो, मार्कोसही समजला, आणि आपल्याहून कच्चा समजलेल्या माणसाकडे कुणी संशयाने बघत नाही. बिएलिन्स्कीचं इमान असं की त्याने काही लपवलेलं नाही, कॅमेरा कुठे खोटं बोलत नाही, सगळं फारच जुळून आलंय ही शंकासुद्धा हुआन स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवतो. प्रेक्षकाची शंका त्याच्याच तोंडी घालून मारून टाकलीय. याला म्हणतात लेखन.

एक जागा मात्र अंगावर येते. गांदोल्फो अट घालतो, सौदा तेव्हाच जेव्हा वालेरिया त्याच्याबरोबर रात्र घालवेल. आणि मार्कोस विचारतो. सख्ख्या बहिणीला. पहिल्यांदा बघताना मला हा ट्रॅक जड गेला होता, बाईचा सौद्यात वापर, नेहमीचंच. पण आधी एक सीन आहे, मार्कोस हुआनला विचारतो की अमुक पैसे दिले तर पुरुषाबरोबर झोपशील का, आणि आकडा वाढवत वाढवत नेतो, हुआन एका आकड्याला क्षणभर गप्प होतो, आणि मार्कोस हसतो, बघ, तयार सगळेच असतात, कमी असते ती पैसे लावणाऱ्यांची. तर गांदोल्फोची ही अट म्हणजे त्याच प्रश्नाचा उलटा वार. तुझा आकडा किती, भावा? तो बहीण विकायला तयार झाला. वालेरिया बदल्यात एवढंच मागते की धाकट्या भावाला, जो याला देव मानतो, त्याला तोंडावर सांग की तू आम्हाला लुटलंस. आणि मार्कोस सांगतो! मार्कोस झालेल्या रिकार्दो दारीनने हा सीन काय केलाय, लाज वाटतेय पण पैसे हवेत, दोन्ही एकाच चेहऱ्यावर. हा नट तरुणपणी टीव्हीवरचा चिकणा हिरो म्हणून माहीत होता लोकांना, नंतर 2009 च्या ‘द सीक्रेट इन देअर आईज’मुळे जगाला कळला, पण माझ्या मते त्याचं खरं नाणं इथेच वाजलं.

[पडदा: बँकेचं बंद दार, बाहेर लोक]

आता तो सुटलेला धागा. पैसे मिळतात ते चेकने. सकाळी मार्कोस बँकेत जातो तर बँक बुडालेली, वरच्या मंडळींनीच पैसे पळवलेत, दारात खातेदारांची गर्दी, काचेवर धपाधप हात. लोक विचारतात, हुआनच्या टोळीला बँक बुडणार हे आधी माहीत होतं का? माहीत नसेल तर डाव नशिबावर चालला की! फिल्म याचं स्पष्ट उत्तर देत नाही. पण मला वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. मार्कोसचे दोन लाख आदल्या दिवशीच, तिकिटं विकत घेताना गेलेत. डाव तिथेच संपला. त्या चेकवर काही मिळायचं नव्हतंच, बँक चालू असती तरी. म्हणजे कथेला बँक बुडायची गरज नव्हती, ती बिएलिन्स्कीला हवी होती. सव्वाशे प्रकारचे भामटे दाखवून झाल्यावर त्याला सूटबूट घालून बोर्डरूममध्ये बसणारे दाखवायचे होते.

आणि फिल्म आली ऑगस्ट 2000 मध्ये. पुढे सव्वा वर्षात, डिसेंबर 2001 च्या पहिल्याच दिवशी अर्जेंटिनाच्या सरकारने लोकांच्या खात्यांना कुलूप घातलं, आठवड्याला फक्त 250 पेसो रोख काढायचे. लोक त्याला कोरालितो म्हणाले. लोक पातेली बडवत रस्त्यावर, बँकांच्या दारांवर धडका, आणि 20 डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष दे ला रुआ राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. जानेवारीत तो एक पेसो बरोबर एक डॉलरचा करारही मोडला, 1991 पासून चालत आलेला, आणि लोकांची बचत बघता बघता आटली. त्यानंतर ज्यांनी ही फिल्म पाहिली त्यांना तो बँकेचा सीन थ्रिलर वाटलाच नसणार. बिएलिन्स्कीला भविष्य दिसत होतं वगैरे म्हणायची गरज नाही, बँका त्याआधीही बुडाल्या होत्या तिथे, त्याला फक्त आपल्या देशाची सवय माहीत होती. आपल्याकडे सहकारी बँकेच्या शटरसमोर पासबुक घेऊन उभे राहिलेल्यांना वेगळं समजवायला नको.

म्हणूनच रिमेक फिके पडतात. हॉलिवूडने 2004 मध्ये ‘क्रिमिनल’ केला, लॉस एंजेलिसमध्ये, नट चांगले, पण खाली जमीन नाही. मुंबईत 2005 ला ‘ब्लफमास्टर’ आला, अभिषेक बच्चन, आपला रितेश देशमुख, आणि नाना पाटेकर, त्यात या फिल्ममधली बरीच बीजं दिसतील, पण तिथे सगळं गोड करून वाढलंय. मजा येते, झोंबत मात्र नाही.

बिएलिन्स्कीने यानंतर एकच फिल्म केली, 2005 ची ‘एल आउरा’, पुन्हा दारीनला घेऊन, आणि ती याच्या अगदी उलट, संथ, जंगलातली, मला तर काही दिवशी हिच्यापेक्षा जास्त आवडते. 2006 च्या जूनमध्ये साओ पावलोला तो एका जाहिरातीच्या कामासाठी गेला होता, तिथे हार्ट अटॅकने गेला. वय 47.

आणि हो, एक राहिलं. हुआनला दिवसभर एक गाणं आठवत नसतं, रीता पावोने नावाच्या इटालियन गायिकेचं, आणि तो येता जाता मार्कोसला विचारत राहतो. मार्कोस वैतागतो, आपणही वैतागतो, एवढ्या पैशांचा मामला चाललाय आणि याचं काय चाललंय. ते गाणं एंड क्रेडिट्सवर लागतं, ‘इल बालो देल मातोने’, ठेका असा की खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलतो. तेव्हा नावं यायला लागली की रिमोट उचलू नका.