एफ्राईमचे यार

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला हा काळा दगडी स्तंभ. ही चौकट जवळून पाहा. अश्शूरच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन महासत्तेच्या राजापुढे एकजण कपाळ भुईला टेकवून पालथा पडलाय. शेजारच्या मजकुरात नाव आहे येहूचं, इस्राएलच्या राजाचं. मागे सोन्याचांदीची भांडी घेतलेली माणसं. ही खंडणी इसवी सनपूर्व ८४१ची.

पुढे शंभरेक वर्षांनी येहूच्या घराण्याची घरघर सुरू झाली आणि बायबलमधला होशेय हा संदेष्टा बोलू लागला. त्याची बायको गोमर, बाहेरख्याली. थोरल्या मुलाचं नाव त्यानं ठेवलं इज्रेल. येहूनं मुडदे पाडून गादी बळकावली, ते हे गाव. पोराला जेवायला हाक मारली तरी राजवाड्याला झोंबावं, अशी सोय!

होशेयच्या गोष्टीत बायको म्हणजे इस्राएल आणि नवरा म्हणजे देव. तिचे यार म्हणजे बआलदेव, कनानी लोकांचे देव, असं सहसा सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर राजकारण निसटतं. होशेय म्हणतो, एफ्राईम (इस्राएलच्या राज्याचंच दुसरं नाव) म्हणजे बिनडोक पारवा: मिसरला, म्हणजे इजिप्तला, हाका मारतो, अश्शूरकडे धावतो. आणि हे यार त्यानं चक्क पैसे मोजून ठेवलेत.

पैसे किती? राजा मनहेमनं अश्शूरला हजार किक्कार चांदी दिली, म्हणजे जवळपास ३४ टन. गादी टिकवायला हवी होती ना! वसुली श्रीमंतांकडून, माणशी ५० शेकेल. त्या पंचवीसेक वर्षांत सहा राजे झाले, चौघांचे खून पडले. दरबार कधी या महासत्तेच्या गळ्यात, कधी त्या.

हे सौदे करणारे सगळे पुरुष. त्यांनाच होशेय बदफैली बायको म्हणतो. शिवी नेमकी तिथे बसते. मला मात्र त्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. नवरा तिला उघडी करण्याची धमकी देतो. तिचं म्हणणं येतं तेही त्याच्याच तोंडून. पापं दरबाराची, धिंड बाईची.

इस्राएलच्या शेवटच्या राजाचं नावही होशेयच. त्यानं अश्शूरची खंडणी थांबवली, मिसरकडे दूत धाडले. मिसरची मदत काही आली नाही. तीन वर्षांच्या वेढ्यानंतर, इसवी सनपूर्व ७२२च्या सुमारास, राजधानी शोमरोन पडली. अश्शूरचा राजा सार्गोन आपल्या शिलालेखात हिशेब देतो: बंदी करून नेलेले लोक, २७,२९०.