आधी वंशावळ, मग घर

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘वारसाची आणि अडचणीतली घरं: शोधायची कशी, घ्यायची कशी’. मला चाळीस मिनिटं दिली आहेत. सुरुवातीला एक विचारतो. गावच्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवून इथे आलेत, असे किती जण आहेत? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! म्हणजे घेणारे आणि विकणारे एकाच खोलीत बसलेत, माझं काम सोपं झालं.

मी बावीस वर्षं कोकणातली जुनी घरं घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. लोक विचारतात, पडकी घरं कशाला घेता? घर पडकं म्हणून स्वस्त मिळतं असा सगळ्यांचा समज आहे. कौलं गेली तर कौलं मिळतात. वासा कुजला तर फणसाचा नवा वासा मिळतो. चिऱ्याच्या भिंतीला सहसा काही होत नाही. घर स्वस्त असतं ते कागद अडकलेला असतो म्हणून, आणि कागद अडकतो तो माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून. यातलीही नेमकी एक गाठ मला आज सांगायची आहे. ती म्हणजे बहिणीची सही.

एक घर सांगतो. राजापूर तालुक्यातलं, साल 2011. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि बारमाही पाण्याची विहीर. मी गेलो तेव्हा जून लागला होता आणि पश्चिमेच्या भिंतीला पाऊस अडवणारी झापं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे, बांधलेली नव्हती. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीला झापं नाहीत, म्हणजे त्या घराकडे कुणी येत नाही असं समजायचं. विकणारे थोरले भाऊ डोंबिवलीचे, वय एकाहत्तर, अगदी सज्जन माणूस. सातबारावर त्यांचं एकट्याचं नाव. चौदा लाखांना ठरलं. मी दीड लाख विसार देऊन मोकळा झालो.

किल्ली परत द्यायला शेजारच्या आजींकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बेळगावच्या ताईंक विचारलंत?” मी म्हटलं, कोण ताई? तेव्हा त्यांनी मान वर केली.

घरी येऊन सातबारा पुन्हा काढला. थोरल्यांच्या नावापुढे तीन बारीक अक्षरं होती, ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ते नाव मालकाचं नव्हतं, सगळ्यांच्या वतीने लावलेलं होतं. वडील गेले 1974 मध्ये, मृत्युपत्र न करता. तेव्हाचा फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावबदलाची महसुली नोंद, काढला, तर तीन भाऊ आणि दोन बहिणी. बहिणींची नावं ‘इतर अधिकार’ या रकान्यात ढकललेली. शेजारच्या आजींना जे पन्नास वर्षं माहीत होतं, ते मी दीड लाख देऊन शिकलो.

इथे थोडं थांबतो, कारण नेमक्या या जागी सुशिक्षित माणसंही चुकतात. “मुलींना हक्क 2005 पासून ना?” असं मला वकिलांच्या घरातही विचारतात. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्राविना गेले असतील, तर बायको, मुलगे आणि मुली सारख्या वाटेकरी असतात, आणि हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून हिस्सा दिला. आपल्या महाराष्ट्राने हे 1994 मध्येच केलं होतं, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरतं. 2005 लाच जुनं कलम 23 गेलं. त्या कलमामुळे कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी भावांनी मागेपर्यंत बहिणीला मागता येत नसे. हक्क होता, मागायची सोय नव्हती. पुढे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 2005 मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. तेव्हा ‘ताईंचं लग्न 1955 ला झालं, त्यांचा काय संबंध’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून आलं, की घेणाऱ्याने विसाराचा चेक खिशातच ठेवावा.

तर बेळगाव. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. मी थोरल्यांनी तयार करून दिलेलं हक्कसोडपत्र घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, ‘प्रेमापोटी व विनामोबदला’ इथपर्यंत. मग आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात मनीऑर्डरच्या पावत्या, वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या. 1959 पासून त्या पगारातून गावी पैसे पाठवत होत्या. धाकट्या भावाची फी, मंगलोरी कौलं, विहिरीचा कठडा. एकेका पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं, कशासाठी ते. मला म्हणाल्या, “तुम्हाला घर हवंय ना? घ्या. पण मी हक्क सोडत नाही. मी विकते.”

मी त्या दिवशी रात्रीच्या एसटीने परत आलो आणि वाटभर तेच वाक्य डोक्यात होतं. खरेदीखतात ‘लिहून देणार’ असतात आणि ‘मान्यता देणार’ असतात. आपण बहिणींना कायम मान्यता देणाऱ्यांत बसवतो. त्यांचा अंगठा घेतो, साडीचोळी करतो आणि गाडीत बसवून परत पाठवतो. वर्षानुवर्षं मी हेच होताना पाहिलं, आणि कबूल करतो, माझ्या आधीच्या काही खरेद्यांत ते मीही होऊ दिलं. त्याचा मला आजही त्रास होतो.

मग वंशावळ मांडली. थोरले एक. मधले भाऊ गेलेले. त्यांची पत्नी, मुलगा, मुलगी, आणि गेलेल्या दुसऱ्या मुलाची पत्नी व तिचं सात वर्षांचं लेकरू. धाकटे कॅनडात. बेळगावच्या ताई. धाकट्या बहीण गेलेल्या. त्यांचे यजमान आणि तीन मुलं. सगळे मिळून बारा वारस. लहान मुलाचा हिस्सा विकायला आईची सही पुरत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. त्यात सात महिने गेले. कॅनडाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन आलं, इथे मुद्रांकित केलं. भाऊ रागावले. थोरल्यांनी दोन महिने माझा फोन घेतला नाही. शेवटी दुय्यम निबंधकांकडे सगळे जमले, तेव्हा लिहून देणार क्रमांक एक म्हणून ताईंचं नाव पुकारलं. बाराही जणांना आपापल्या हिश्श्याप्रमाणे आपापल्या खात्यावर पैसे. फोटो आणि अंगठा झाल्यावर थोरले उठून ताईंना खुर्ची द्यायला गेले. दोघं एकोणीस वर्षांनी भेटत होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली आहेत. आणि छापलेला विषय तर अजून शिल्लक आहे! भरभर सांगतो, लिहून घ्या.

शोधायचं कसं: दलालाकडे जाण्याआधी पोस्टमन आणि किल्ली सांभाळणारा शेजारी यांना भेटा. ग्रामपंचायतीत घरपट्टीची थकबाकी विचारा. आणि बोलणी गौरी-गणपतीत करा, कारण सगळे हिस्सेदार एका छपराखाली वर्षातून तेव्हाच असतात. मात्र विसर्जनानंतरच. गणपती घरात असताना विक्रीचा विषय काढू नका.

कागद: शहरात मिळकत पत्रिका, गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8, गावठाणाबाहेर सातबारा. फेरफार शेवटचाच नाही, मागचे सगळे वाचा. कंसात गेलेली, म्हणजे उताऱ्यावरून कमी केलेली नावं कुठे गेली ते बघा. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. दुय्यम निबंधकांकडच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, पण नोटिशीला हरकत आली नाही म्हणून वारसाचा हक्क जात नाही. कोकणात वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे घर बऱ्याचदा शेतजमिनीच्या सातबारावरच असतं. तुम्ही शेतकरी नसाल तर कुळकायद्याचं कलम 63, म्हणजे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावरचं बंधन, आधी समजून घ्या. बांद्याच्या पलीकडे, गोव्यात, कायदा वेगळा: तिथे सहसा नवराबायको दोघांची सही लागते आणि वारसांची वाटणी इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मालमत्तेची आणि वारसांची यादी करून वाटप ठरवणाऱ्या कामकाजातून होते.

एकाच भावाचा हिस्सा स्वस्तात घेऊन बाकीच्यांना कोंडीत धरणारे आपल्या धंद्यात आहेत. तसं करू नका, आणि कायदाही साथ देत नाही. कुटुंबाच्या राहत्या घरात परक्याला सामाईक ताबा मागता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर 1893 च्या वाटप कायद्याने घरचेच न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला त्याचा हिस्सा घेऊ शकतात.

बँकेच्या लिलावातली घरं: सरकारी बँकांचे लिलाव ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर दिसतात. विक्री ‘आहे तिथे, आहे तसं’. बँकेकडे सांकेतिक, म्हणजे नुसता कागदोपत्री ताबा आहे की प्रत्यक्ष, हा पहिला प्रश्न. सोसायटीची थकबाकी स्वतः जाऊन विचारा. बोली लागली की पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, उरलेले विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. कर्ज मंजूर नसेल तर हात वर करू नका. आणि घरात अजून माणसं राहत असतील, तर बोलीआधी त्यांना भेटून या.

राहिलं रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर. त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली व्यवहार झाला, तर फरक तुमचं उत्पन्न धरून कर लागू शकतो. परदेशातला वारस असेल तर घेणाऱ्याने कापायचा कर वेगळा आणि जास्त असतो, सीएला आधी विचारा.

वेळ संपली. तिसऱ्या रांगेतल्या काकू मघापासून पिशवीतून एक जुना उतारा काढून बसल्या आहेत. काकू, तुम्ही आधी या. त्यावर तुमचं नाव कोणत्या रकान्यात आहे, ते दोघं मिळून बघू.