भिंत उजव्या हाताला

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून बरीच मंडळी नेपाळात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेला लागतात. लुक्ल्याला विमानातून उतरायचं आणि दूधकोशी नदीच्या काठाने वर चढत जायचं. बूट, जाकीट, गोळ्या, सगळ्यांची चौकशी घरूनच झालेली असते. पण चालायला लागल्यावर थोड्याच वेळात वाटेच्या मधोमध एक लांबट दगडी भिंत लागते. वाट तिथे दुभंगते, आणि भिंतीच्या कोणत्या बाजूने जायचं हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

डाव्या बाजूने जायचं. भिंत आपल्या उजव्या हाताला राहिली पाहिजे. देवळात प्रदक्षिणा घालताना गाभारा ज्या हाताला असतो, तोच हा हात. प्रदक्षिणा या शब्दातल्या ‘दक्षिण’चा अर्थच उजवा. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांच्या मागून स्तूपाला वळसा घालणारी वाट आहे ना, तीही याच रीतीची. खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या या मुलखातल्या, शेर्पांचा धर्म तिबेटी बौद्ध परंपरेचा, पण ही चाल आपल्याला परकी नाही.

या भिंतीला तिकडे ‘माने’ म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना चपट्या पाट्या टेकवलेल्या असतात, आणि बहुतेक पाट्यांवर एकच मंत्र कोरलेला असतो : ओम मणि पद्मे हुम. तिबेटी उच्चारात ‘ओम मानि पेमे हुंग’. हा अवलोकितेश्वराचा मंत्र. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणी आपण पाहिलेला आहे. तोच हा करुणेचा बोधिसत्त्व. तिबेटी भाषेत त्याचं नाव चेनरेझिग.

हा मंत्र डोळ्यांनी ओळखणं आपल्याला जड नाही. तिबेटी लिपीचं मूळ भारतीय लिपीतच आहे. पाट्यांवरच्या अक्षरांना वरून सपाट डोकं असतं, आपल्या शिरोरेघेसारखं, फक्त प्रत्येक अक्षराचं वेगळं. सहा अक्षरं मोजा. पहिल्या आणि शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार दिसेल. कधी पुढे सातवं अक्षर असतं, ‘ह्रीः’, त्याला शेवटी आपल्या विसर्गासारखे दोन ठिपके. जिथे अक्षरं रंगवलेली असतात तिथे रंगही ठरलेले : ओम पांढरा, म हिरवा, णि पिवळा, पद् निळा, मे तांबडा, हुम काळा किंवा गडद निळा. देव, असुर, माणूस, पशू, प्रेत आणि नरक अशा जन्माच्या सहा गती मानतात, आणि एकेक अक्षर एकेका गतीतल्या जीवांसाठी आहे.

फाकदिंगच्या अलीकडे घाट नावाचं गाव लागतं. तिथे पाट्यांच्या जोडीला घराएवढाले धोंडे आहेत, जागच्या जागी कोरलेले. इथे जरा थांबाच. कारागीर धोंड्याचा त्यातल्या त्यात सपाट भाग निवडतो, ओळी आखतो, अक्षरं काढून घेतो आणि मग छिन्नीने अक्षर सोडून भोवतालचा दगड खाली घेतो. म्हणजे अक्षर खोदलेलं नसतं, उठावाचं असतं. खोलगट भाग काळा रंगवतात, उठाव पांढरा. एक ठोका चुकून अक्षराचा काठ उडाला तर तो परत जोडता येत नाही. पातळ पाट्यांचं दुखणं निराळं : दगडच पदरापदरांचा, त्यामुळे छिन्नी तिरपी लागली की अख्खा पापुद्रा निघून येतो.

पुढे हवा आपलं काम करते. फटीत पाणी शिरतं, रात्री गोठतं, गोठताना फुगतं आणि चीर रुंदावते. रंगाचे पोपडे याच कारणाने सुटतात. अक्षरांवर दगडफूल चढतं, आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं. म्हणून धोंडे अधूनमधून खरवडून पुन्हा रंगवावे लागतात. भिंतीच्या पोटातल्या भरावात पाणी मुरलं तर भिंतीला फुगवटा येतो आणि एका पावसाळ्यात तेवढा भाग बसतो. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपात तर खुंबूतल्या अनेक भिंती आणि स्तूप ढासळले. ते पुन्हा उभे करायला गावकऱ्यांना पैसा आणि कष्ट दोन्ही लागले.

आता कळकळीने सांगायची गोष्ट. यातली एकही पाटी आठवण म्हणून उचलू नका, तळहाताएवढी असली तरी. ती बेवारस नसते. कुणीतरी गेलेल्या माणसासाठी, आजाऱ्यासाठी, पुण्यासाठी पैसे देऊन ती कोरून घेतलेली असते. पाटी पायवाटेवर पडलेली दिसली तर उचलून, अक्षरांचं डोकं वर करून भिंतीला टेकवा, म्हणजे तिच्यावर पाय पडणार नाही. भिंतीवर बसायचं नाही, सॅक टेकवायची नाही, ओला टॉवेल वाळत घालायचा नाही. बसायला चौताऱ्या असतात. भाऱ्या लोकांना, म्हणजे हमालांना, ओझं टेकता यावं म्हणून बांधलेला तो साधा ओटा. त्यावर कोरीव पाट्या नसतात, एवढ्यावरून फरक ओळखता येतो.

भिंतीनंतर स्तूप. तिकडे त्याला छोर्तेन म्हणतात. खालचा चौथरा पृथ्वी, घुमट जल, तेरा कड्यांचा निमुळता भाग अग्नी, वरचं छत्र वायू आणि टोक आकाश. काही स्तूपांवर चारी दिशांना डोळे रंगवलेले असतात आणि दोन डोळ्यांच्या मध्ये नाकासारखी वेलांटी. ते नाक नव्हे, देवनागरी एकचा आकडा आहे. आपण तर तो बघताक्षणी वाचू शकतो.

नामचे बाजार ३,४४० मीटरवर आहे. गावात शिरताना कमानीसारखं दार लागतं, ती ‘कानी’. तिच्याखालून जाताना मान वर करून छत बघा, आत मंडलं रंगवलेली असतात. जवळच ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी प्रार्थनाचक्रं आहेत. चक्राच्या पोटात आसाभोवती मंत्र छापलेल्या कागदाची गुंडाळी असते. हाताने फिरवायचं चक्र उजव्या हाताने आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. झटका देऊ नका, आस झिजून चक्र घासायला लागतं.

तेंगबोचेचा मठ ३,८६७ मीटरवर. १९१६ साली स्थापन झालेला, १९३४च्या भूकंपात पडलेला, १९८९ साली आगीत जळालेला आणि दोन्ही वेळा पुन्हा बांधलेला. आत जाताना बूट आणि टोपी काढायची. जमीन बर्फासारखी गार असते, तेव्हा जाड मोज्यांचा कोरडा जोड हाताशी ठेवा. पूजा चालू असेल तर भिंतीकडेने बसा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

थुक्लाच्या खिंडीत, साधारण ४,८३० मीटरवर, डोंगरात गेलेल्या गिर्यारोहकांची आणि शेर्पांची स्मारकं आहेत. खडी चढण संपते तीही इथेच. धाप लागलेला माणूस दिसेल त्या दगडावर बसकण मारतो, आणि तो दगड कुणाच्या तरी स्मारकाचा असतो. चार पावलं पुढे मोकळी जागा आहे, तिथे बसा.

प्रार्थनेच्या रंगीत पताकांची माळ बांधायची असेल तर सुती घ्या, नायलॉनच्या चिंध्या वर्षानुवर्षं तशाच लोंबत राहतात. क्रम निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा, डावीकडून उजवीकडे. दिवस कोणता चांगला ते लॉजवरच्या दिदींना विचारा, त्यांच्या पंचांगात बघतात. माळ जमिनीला लागू देऊ नका आणि ओलांडू नका.

आणि परतीचं. चूक जास्त करून इथेच होते. थकलेले पाय येताना ज्या बाजूने आले त्याच ओळखीच्या बाजूने वळतात. परतताना आपलं तोंड उलट दिशेला असतं, तेव्हा भिंत उजव्या हाताला ठेवायची तर दुसरी बाजू धरावी लागते. जाताना एक अंग, येताना दुसरं, अशी त्या भिंतीची प्रदक्षिणा बारा-चौदा दिवसांनी पूर्ण होते. लुक्ल्याच्या अलीकडची शेवटची भिंत येईपर्यंत हे ध्यानात असू द्या.

नमस्कार.